जन्मावरून गुन्हेगार : १८७१ चा कायदा मुलांना शिकवताना

शाळेत अत्याचारांचा इतिहास शिकवायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी थेट जर्मनीला जाते. हिटलर, छळछावण्या, साठ लाख ज्यू. मुलं मन लावून ऐकतात, एखादीच्या डोळ्यांत पाणीही येतं. मग मधल्या सुट्टीत तीच मुलं शाळेमागच्या मैदानात पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबातल्या पोराला चिडवतात, आणि वर्गातलं पेन हरवलं की आधी त्याच्या पिशवीकडे बघतात. जर्मनी शिकवू नये असं मी म्हणत नाही. पण तिथल्या अत्याचाराचा निषेध करायला आपल्याला काही मोजावं लागत नाही. मोजावं लागतं ते इथल्या.

म्हणून इथे एकच विषय घेतला आहे: अख्ख्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा आणि तो गेल्यावरही उरलेला संशय. आठवी ते दहावीला इतिहास शिकवणारे शिक्षक आणि किशोरवयीन मुलांची शिबिरं घेणारे कार्यकर्ते मला समोर दिसताहेत. सहा तासिका पुरतात. दोन-दोन जोडून मिळाल्या तर घ्याच, कारण मुलं बोलती व्हायला लागतात तोच घंटा होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हळहळ वाटली म्हणून पूर्वग्रह जात नाही. दया आणि संशय एकाच मनात सुखाने नांदू शकतात. ‘बिचारे’ म्हणणारा माणूसही त्यांना अंगणात उभं करत नाही. मुलांना दिसायला हवी ती यंत्रणा. कागदावर काय लिहिलं गेलं, ते कुणी राबवलं, कुणाला त्याचा फायदा झाला, आणि कागद रद्द झाल्यावर मागे काय राहिलं. पुढची सगळी मांडणी या एका हेतूने केली आहे.

वर्गात जाण्याआधी

पहिलं काम स्वतःचं. शिक्षकखोलीतून एखादी वस्तू गायब झाली तर तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं येतं, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. कुणाला सांगू नका, पण द्या. ते न देता वर्गात उभं राहिलात तर मुलं तुम्हाला दोन मिनिटांत ओळखतात.

दुसरं, ‘आमच्या वर्गात त्या समाजाचं कुणी नाही’ असं कधीही गृहीत धरू नका. पारधी समाजात पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे अशी आडनावं सर्रास असतात. हजेरीपटावरून काही कळत नाही, आणि अनेक घरांनी मुलांना शाळेत जात न सांगण्याचं बजावलेलं असतं. म्हणून प्रत्येक वाक्य असं बोला की त्या समाजाचं मूल तिसऱ्या बाकावर बसून ऐकतं आहे. आणि असं मूल आहे हे माहीत असेल तर ‘तू सांग ना तुझा अनुभव’ असं चारचौघांत मुळीच म्हणू नका. तासाआधी एकटं गाठून, काय शिकवणार आहे ते सांगा; त्याला बोलायचं असेल तर बोलेल, नको असेल तर नाही, त्या दिवशी ग्रंथालयात बसायचं असेल तर तेही चालेल असं स्पष्ट सांगा.

मुख्याध्यापकांना आराखडा लेखी द्या. एखाद्या पालकाचा फोन येणारच: ‘आमच्या मुलांना हे कशाला?’ तेव्हा शाळेने एका आवाजात बोललेलं बरं असतं. उत्तर सोपं आहे. हा विषय इतिहासाचा आहे, आणि मूलभूत हक्क नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहेतच.

याद वाशेम ही यरुशलेममधली होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची, स्मृतिसंस्था शिक्षकांना एक तत्त्व सांगते: मुलांना सुखरूप आत न्या आणि सुखरूप बाहेर आणा. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की भयंकर गोष्टीवर तास संपवायचा नाही. शेवटची सात-आठ मिनिटं राखून ठेवा, मुलांना चार ओळी लिहू द्या, मगच सोडा.

पहिली तासिका : आधी माणसं

बहुतेकजण कायद्यापासून सुरुवात करतात. त्यामुळे मुलांच्या मनात त्या लोकांचं पहिलं चित्र ‘ज्यांच्यावर अन्याय झाला ते’ असं बसतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. आधी त्यांचं काम दाखवा. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर पोचवत. दख्खनच्या लढायांत फौजांना रसद त्यांचीच असे. वडार दगड फोडत, विहिरी खणत. कैकाडी टोपल्या, कणग्या विणत. पारधी फासे लावून तितर, ससे धरत, आणि जंगलाची त्यांची माहिती कुठल्याही पुस्तकात नव्हती. रामोशी गडांची आणि गावांची राखण करत.

मग फळ्यावर दोन रकाने आखा. डावीकडे काम, उजवीकडे ‘हे काम का बुडालं?’ मुलांना स्वतः शोधू द्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे त्यांना पाठ असतं. पण रेल्वेचं जाळं पसरल्यावर बैलांवरून धान्य कोण नेणार, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावर सरकारी हक्क आल्यावर पारध्याचा फासा बेकायदा कसा झाला, हेही ती काढतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली, गडांवरच्या शिबंद्या मोडल्या आणि राखणदारच बेकार झाले. इथे उमाजी नाईकांचं नाव घ्या. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिली गेली. कंपनी सरकारच्या लेखी ते दरोडेखोर, आपल्या लेखी आद्य क्रांतिवीर. ‘दोन्ही कागदांत माणूस तोच आहे. फरक कुठे आहे?’ एवढं विचारून थांबा. उत्तर देऊ नका, हा प्रश्न पुढे कामाला येतो.

दुसरी तासिका : कायदा हातात द्या

या तासाला शिक्षकाने कमीत कमी बोलायचं आहे. कायद्याचा इंग्रजी मजकूर सहज मिळतो. त्यातली निवडक कलमं सोप्या मराठीत उतरवून पाच कार्डं करा आणि पाच गटांना द्या. मजकूर साधारण असा:

पहिलं कार्ड. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे सातत्याने करतो असं मानायला स्थानिक सरकारला कारण दिसलं, तर गव्हर्नर जनरलच्या परवानगीने त्या सर्वांना गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करता येईल.

दुसरं. अशा जाहीरनाम्याच्या वैधतेबद्दल कुठल्याही न्यायालयात प्रश्न विचारता येणार नाही.

तिसरं. जमातीच्या लोकांची नोंदवही ठेवली जाईल. ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं तर पास लागेल, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागेल. नियम मोडल्यास कैद, दंड किंवा फटके.

चौथं. अशा जमातीचे वाटणारे लोक गावात आले तर गावचा पाटील, जागल्या आणि जमीनमालक यांनी पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास शिक्षा.

पाचवं, १९११ च्या सुधारित कायद्यातलं. नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेता येतील. मुलांना आईवडिलांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवता येईल.

प्रत्येक गटाने तीनच प्रश्नांची उत्तरं शोधायची. यात माणसाने काय केलं म्हणून शिक्षा आहे? चूक झाली असेल तर दाद कुठे मागायची? हे राबवायला कोण कोण लागेल? पहिल्या प्रश्नाशी गट अडतात. ‘काय केलं’ ते कार्डावर सापडतच नाही. मुलं कार्ड उलटून मागे काही लिहिलंय का बघतात. ती शांतता मोडू नका.

चौथ्या कार्डावर मात्र जास्त वेळ द्या. पोलिसांनी त्रास दिला हे सगळ्यांना कळतं. पण या कलमाने अख्ख्या गावाला पहारेकरी केलं. पालं दिसली की कळवायचं, नाहीतर आपणच अडकायचं. दोन-तीन पिढ्या असं चाललं तर ‘ती माणसं आली की सावध राहा’ ही कायद्यातली सक्ती घरातली शिकवण होऊन बसते. आजी-आजोबा मनाने दुष्ट होते म्हणून नव्हे. हा मुद्दा मुलांना फार मोकळं करतो, कारण घरच्यांना गुन्हेगार न ठरवता घरात ऐकलेल्या गोष्टीकडे बघता येतं.

तारखा फळ्यावर राहू द्या. १८७१ मध्ये कायदा आला तो उत्तर भारतापुरता; १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येऊ लागला; १९२४ मध्ये पुन्हा एकत्रित कायदा झाला. (१८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता. चौकस मुलं हे स्वतःच शोधून आणतात आणि मग पाचवं कार्ड संपल्यावर सहावं मागतात. तयारी असेल तर द्या.)

गृहपाठ एकच. संविधानाचे अनुच्छेद १४, १५, १९ आणि २१ वाचायचे आणि कुठलं कार्ड कुठल्या अनुच्छेदावर आपटतं ते लिहायचं. हुशार मुलगी दुसऱ्या दिवशी विचारते: ‘पण संविधान २६ जानेवारी १९५० ला आलं, आणि हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. मधली अडीच वर्षं काय?’ कुणीच विचारलं नाही तर तुम्ही विचारा. अनंतशयनम अय्यंगार समिती १९४९ मध्ये नेमली गेली, तिने कायदा रद्द करण्याची शिफारस केली, तरीही एवढा वेळ लागला. विमुक्तांमधले, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमातींमधले, कार्यकर्ते म्हणतात की आम्हाला स्वातंत्र्य पाच वर्षं सोळा दिवस उशिरा मिळालं. मुलांना १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजायला लावा, बरोबर येतं.

तिसरी तासिका : तारेच्या कुंपणात

सेटलमेंट म्हणजे काय हे नकाशावर दाखवा. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथे या वसाहती होत्या. नोंदलेली कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून ठेवली जात, हजेरी घेतली जाई, बाहेर पडायला पास लागे. सोलापूर आणि हुबळीची नावं घेतल्यावर विचारा, या गावांत त्या काळी काय भरभराटीला येत होतं? कापडगिरण्या. गिरण्यांना हात हवे होते आणि कुंपणातल्या माणसांना काम नाकारण्याची सोय नव्हती. ‘सुधारणा’ हा शब्द सरकारी कागदांत जागोजागी येतो. त्याच्या शेजारी गिरणीचा भोंगा ठेवला की मुलांना हिशेब कळतो.

इथे प्रामाणिकपणा सोडू नका. सेटलमेंटमध्ये शाळा होत्या, दवाखाने होते. त्या शाळांत शिकून पुढे गेलेली माणसं आहेत आणि त्यांतली काही त्या शिक्षणाबद्दल कृतज्ञतेने बोलतात. हे लपवलं तर एखाद्या मुलाचा आजोबाच ते सांगेल आणि तुमचं बाकीचं सगळं खोटं ठरेल. मुलांपुढे सरळ ठेवा: शाळाही होती आणि कुंपणही होतं. शाळेसाठी कुंपण लागतं का?

सोलापुरात आजही सेटलमेंट नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे, फ्री कॉलनी आहे. ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ तिथे कुंपणाबाहेर राहायची परवानगी मिळालेल्यांची वस्ती एवढाच होता. त्या भागातल्या शाळांना सहल काढता येईल, पण लोकांची घरं बघायला जाणं म्हणजे सहल नव्हे. तिथल्या एखाद्या मंडळाने किंवा शाळेने बोलावलं तरच जा.

चौथी तासिका : ‘पण सर, ते चोऱ्या करतातच ना?’

हा प्रश्न येणारच. नाही आला तर समजा मुलं तुम्हाला हवं ते बोलताहेत आणि मनातलं मनात ठेवताहेत. ज्याने विचारला त्याला गप्प करू नका. ‘असं बोलू नये’ म्हणालात की तो वर्गात पुन्हा बोलणार नाही, बाहेर मात्र दुप्पट बोलेल. ‘बरं झालं विचारलंस’ म्हणा आणि फळ्यावर चार रकाने आखा: मी स्वतः पाहिलं, ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकलं, असंच सगळे म्हणतात, बातमीत वाचलं. वर्गातला प्रत्येक किस्सा कुठल्या तरी रकान्यात टाकायचा. तिसरा रकाना भरून वाहतो. पहिला बहुधा रिकामा राहतो. कधी एखादा खराखुरा अनुभव येतो. आला तर तो नाकारू नका. तुझी सायकल गेली, वाईट झालं, चोर पकडला गेला पाहिजे. एवढं म्हणून मगच पुढे जा.

आता चिंचोके काढा. दोन डबे घ्या, प्रत्येकात शंभर चिंचोके, आणि दोन्हींत बरोबर दहा-दहा लाल रंगवलेले. मुलांसमोर मोजा, म्हणजे दोन्ही डब्यांत ‘चोर’ सारखेच आहेत याबद्दल शंका उरणार नाही. एका डब्यावर ‘पालं’ आणि दुसऱ्यावर ‘सोसायटी’ अशी चिठ्ठी लावा. एक मुलगी पोलिस. तिने न बघता पालांच्या डब्यातून पन्नास चिंचोके काढायचे, सोसायटीच्या डब्यातून पाच. लाल किती आले ते वहीत लिहायचं. पहिल्या डब्यातून साधारण पाच निघतात, दुसऱ्यातून एखादा किंवा एकही नाही. मग सांगा, ‘वही बघून पुढच्या वर्षीचा बंदोबस्त ठरवा.’ मुलं स्वतःच म्हणतात, पालांवर जास्त लक्ष ठेवायला हवं. चिंचोके परत डब्यात घाला, साठ आणि तीन काढा. दोन-तीन फेऱ्यांत वही अशी दिसायला लागते की जणू सगळे चोर एकाच डब्यात आहेत. शेवटी दोन्ही डबे टेबलावर पालथे करा आणि लाल चिंचोके मोजू द्या.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण एक पाऊल पुढे टाका. मुलांना विचारा, बातम्यांत गाजलेले पैशांचे मोठे घोटाळे कुठले? बँका बुडाल्या, चिटफंडवाले पळाले, पतसंस्थांत लोकांच्या ठेवी गेल्या. जिल्ह्याजिल्ह्यात उदाहरणं आहेत. मग विचारा, ‘यातल्या आरोपींची जात कोणती?’ कुणालाच माहीत नसते. ती माहिती बातमीत येत नाही आणि आपल्यालाही तिची गरज वाटत नाही. उलट घरफोडीच्या बातमीत टोळीला जातीचं नाव सहज चिकटतं. आठवडाभर स्थानिक वर्तमानपत्रांतली गुन्हेवार्ता कापून चिकटवायला सांगा: जात कुठल्या बातमीत आली, कुठल्या नाही.

इथे तुमच्या बाजूनेही एक घसरण होऊ शकते. ‘त्यांच्यात कुणीच चोरी करत नाही, सगळे निष्पाप आहेत’ असं सांगण्याचा मोह होतो. टाळा. प्रत्येक समाजात चोरी करणारी माणसं असतात. वीस निरपराधांची बाजू घ्यायला एकविसावाही निरपराधच असला पाहिजे, ही अट आपण इतर कुणाला घालत नाही.

पाचवी तासिका : राईनपाडा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. त्या आठवड्यांत व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाचही जण मेले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

डवरी गोसावी भटक्या जमातींत मोडतात, विमुक्तांत नाही. दोन्हींची गल्लत करू नका. महाराष्ट्रात विमुक्त जातींची यादी चौदा जातींची आहे, भटक्या जमातींची वेगळी, आणि पारध्यांपैकी फासेपारधी अनुसूचित जमातींत आहेत. पण जमावाने यादी बघितली नव्हती. अनोळखी, फिरस्ते, पालातले एवढंच बघितलं. दुसऱ्या तासाचं चौथं कार्ड इथे पुन्हा काढा आणि मुलांच्या हातात द्या, बोलू काहीच नका.

मारहाणीचे व्हिडिओ तेव्हा फिरले होते. ते वर्गात दाखवायचे नाहीत, शोधायलाही सांगायचे नाहीत. गेलेल्यांची कुटुंबं आहेत. बातमीचा मजकूर पुरेसा आहे.

या तासाचं मुख्य काम म्हणजे मिनिटामिनिटाचा आराखडा. संदेश फोनवर येण्यापासून जमाव जमेपर्यंत किती टप्पे असतात ते गटांनी लिहायचं: संदेश लिहिणारा, पुढे पाठवणारा, बाजारात ‘हेच ते’ म्हणणारा, दार लावणारा, व्हिडिओ काढणारा, बघत उभा राहिलेला. प्रत्येक टप्प्यावर, तिथल्या माणसाला काय करता आलं असतं? उत्तरं ठोस हवीत. ‘माणुसकी दाखवायची’ हे उत्तर परत पाठवा. ‘पोलिसांना फोन लावला असता’, ‘संदेशात गावाचं नाव आणि तारीख आहे का ते बघितलं असतं’, ‘सरपंचांना बोलावलं असतं’ ही उत्तरं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मुलांना रोजच्या वापरातून ती माहीत असते. तिच्यामागे काय घडलं होतं ते बहुतेकांना माहीत नसतं.

वेळ उरला तर आजचे कागदही दाखवा. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून पैसे मागणंही भीक मागण्यातच येतं. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो; ज्या कुटुंबाला गावात टिकूच दिलं नाही त्याने तो कुठून आणायचा, हा गटचर्चेला चांगला प्रश्न आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलींत भटक्या जमातींच्या कैद्यांना पळून जाण्याची उपजत ओढ असते अशा अर्थाची वाक्यं तोवर शिल्लक होती. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगातले असे जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. १९५२ आणि २०२४ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

सहावी तासिका : माणूस वर्गात आणताना

शक्य असेल तर त्या समाजातल्या कुणाला बोलवा. पण ‘तुमचं दुःख सांगा’ म्हणून नव्हे. वकील, नर्स, कंत्राटदार, शिक्षिका, लोककलावंत, कुणीही. आधी त्यांनी आपल्या कामाबद्दल बोलावं, मग वाटलं तर बाकीचं. प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवा. शाल-श्रीफळावर भागवण्याची आपली सवय इथे विशेष लाजिरवाणी वाटते. मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्या आणि पाहुण्यांना दाखवा. ज्याचं उत्तर द्यायचं नाही तो प्रश्न त्यांनी गाळावा. पाहुण्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं, नावापुढे ताई किंवा दादा लावायचं, हे बारीक वाटतं, पण हे मुलांना आधी सांगावं लागतं.

कुणी मिळालं नाही तर अहमदाबादच्या छारानगरची, म्हणजे विमुक्त छारा समाजाच्या वस्तीची, गोष्ट सांगा. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा विमुक्त शबर समाजातला तरुण पोलिस कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला, आणि छारानगरच्या तरुणांनी बुधनच्या नावाने नाटकमंडळी काढली. ज्यांना गाव चोर म्हणत होतं त्यांनी रस्त्यावर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. आपल्या मुलांच्याच वयाच्या थोडी पुढची ती मुलं होती, म्हणून ही गोष्ट पोचते.

काय करू नये

वर्गाचे दोन भाग करून एका भागाला दिवसभर ‘गुन्हेगार जमात’ ठरवण्याचा खेळ घेऊ नका. १९६८ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या रायसव्हिल गावी जेन इलियट या शिक्षिकेने डोळ्यांच्या रंगावरून मुलांची विभागणी केली होती. तो प्रयोग जगभर गाजला आणि त्यावर वादही तितकाच झाला. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना अशी नक्कल न करण्याचाच सल्ला देतं. तासाभराच्या खेळातून ‘मला कळलं त्यांना काय वाटलं असेल’ असा खोटा विश्वास तेवढा येतो, आणि ज्या मुलाला ते खरंच रोज सोसावं लागतं त्याच्यापुढे आपण त्याची गंमत केलेली असते. चिंचोके चालतात, मुलं नाहीत.

निबंधस्पर्धा, शपथ, घोषवाक्यांची पाटी हे प्रकारही टाळा. मुलं शपथ सुंदर घेतात.

उपयोग झाला का, हे कसं ओळखायचं

परीक्षेच्या प्रश्नाने कळत नाही. ‘पूर्वग्रह वाईट आहे’ हे लिहायला कुणालाच शिकवावं लागत नाही. त्याऐवजी पहिल्या तासिकेच्या आधी आणि सगळं संपून साधारण दोन महिन्यांनी एकच कागद भरून घ्या, नाव न घालता. मजकूर असा: ‘तुमच्या गल्लीतून सकाळी एक सायकल गेली आहे. कालच मैदानात तीन पालं पडली आहेत. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय काय कराल ते क्रमाने लिहा.’

दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचा. ‘तीही आपल्यासारखीच माणसं आहेत’ या वाक्याला गुण देऊ नका, ते तुमच्या खुशीसाठी लिहिलेलं असतं. क्रम बघा. आधीच्या कागदांत ‘पालाकडे जाऊन बघेन’ कितव्या क्रमांकावर होतं, नंतर कुठे गेलं? ‘सायकलवाल्याला विचारेन की कुठे लावली होती, कुलूप होतं का’, ‘दुकानाच्या सीसीटीव्हीत बघेन’, ‘चौकीत तक्रार देईन’ या ओळी वर सरकल्या का? पालावर जाणारा कुणी राहिलाच असेल तर तो तिथे काय विचारतो? एखादं मूल लिहितं, ‘पालातल्या लोकांना विचारेन की तुम्ही रात्री कुणाला जाताना पाहिलं का, कारण ते बाहेरच झोपतात.’ असा कागद सापडला तर बाजूला काढून ठेवा. पुढच्या वर्षी नव्या वर्गापुढे सुरुवात करायला तो उपयोगी पडतो.